संयोग आणि समवाय: किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या स्पर्शाचा प्रश्न

किरणोपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याने लहान मुलाला उचलून घेतल्याने इतरांना काही अपाय होतो का, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे आणि वैद्यक त्याचे बऱ्याच अंशी स्पष्ट उत्तरही देते. तरीही ते उत्तर ऐकल्यानंतर घरातील भीती सरतेच असे नाही. वेगळी काढलेली ताटवाटी पुन्हा मांडणीतल्या भांड्यांत मिसळत नाही आणि देवाचा नैवेद्य त्या हाताने शिजवावा की नाही हा संकोच मागे उरतो. यावरून असे म्हणता येते की या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. पहिला प्रश्न धोक्याचा आहे, दुसरा शुद्धीचा. धोका हा दोन वस्तूंमधील संबंधावर अवलंबून असतो, त्याला अंतर असते, मुदत असते, मात्रा असते आणि त्यामुळे तो मोजता येतो. अशुद्धी मात्र माणसाच्या ठायी मुरलेला गुण मानली जाते आणि जे गुण म्हणून मानले गेले ते मोजण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की सावधगिरीचे रूपांतर बहिष्कारात होते, आणि ही गल्लत कशी होते याचा शोध घेण्याची साधने भारतीय दर्शनांत आणि धर्मविचारात पुरेशी आहेत.

आधी वस्तुस्थिती. किरणांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याच्या उपचाराला किरणोपचार म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात तो ‘रेडिएशन’ असतो, काही ठिकाणी ‘शेक’ही असतो. त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार बाह्य किरणोपचाराचा. यात लिनिअर ॲक्सिलरेटर या विजेवर चालणाऱ्या यंत्रातून किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी, म्हणजे ज्याचे अणू आपोआप मोडत असताना किरण बाहेर टाकतात अशा, धातूचा तुकडा जाड आवरणात बसवलेल्या यंत्रातून शरीराच्या ठरावीक भागावर काही मिनिटे किरण सोडले जातात. हे किरण पेशींमधील रेणूंचे बंध तोडतात, विशेषतः पेशीच्या विभाजनाची सूत्रे ज्यात असतात त्या डीएनएची मोडतोड करतात, आणि तेथेच त्यांचे काम संपते. यंत्र बंद झाले की शरीरात किरण उरत नाहीत. उन्हातून घरात आलेल्या माणसाच्या अंगातून जसे ऊन पडत नाही, तसाच हा प्रकार आहे. अतिशय उच्च ऊर्जेचे किरण वापरल्यास शरीरातील काही मोजक्या अणूंमध्ये क्षणिक किरणोत्सर्ग निर्माण होऊ शकतो हे खरे आहे, परंतु त्याचे प्रमाण नगण्य असते आणि तो काही मिनिटांत विरून जातो. असा रुग्ण त्याच दिवशी नातवाला मांडीवर घेऊ शकतो, पत्नीच्या शेजारी झोपू शकतो आणि सर्वांसोबत पंगतीला बसू शकतो.

दुसऱ्या प्रकारात किरणांचा स्रोत शरीराच्या आत, गाठीच्या अगदी लगत नेला जातो; त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर हा उपचार आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होतो. त्यात इरिडियम-१९२ या धातूचा लहानसा स्रोत तारेच्या टोकावरून आत पाठवून थोड्या वेळाने परत यंत्रात ओढून घेतात, त्यामुळे खोलीबाहेर पडताना रुग्णाच्या शरीरात काहीही शिल्लक नसते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात मात्र काही वेळा आयोडिन-१२५चे तांदळाच्या दाण्याएवढे कण कायमचे रोवले जातात. त्यांचे किरण दुबळे असतात आणि बहुतांशी शरीरातच शोषले जातात, तरी गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याशी काही काळ फार जवळचा आणि दीर्घ संपर्क टाळण्यास सांगितले जाते.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने या प्रश्नाचे घर आहे. थायरॉईड ग्रंथीचे विकार व कर्करोग यांसाठी आयोडिन-१३१ हे किरणोत्सर्गी औषध द्रवाच्या किंवा कॅप्सूलच्या रूपात पोटात दिले जाते. या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत १९४१ साली झाला, आणि मुंबईत परळला १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने भारतात या विद्येचा पाया घातला. थायरॉईडच्या पेशी आयोडिन ओढून घेतात आणि त्यासोबत आलेल्या किरणांनी नष्ट होतात. उरलेले आयोडिन मुख्यतः लघवीतून आणि काही अंशी लाळ व घामातून बाहेर पडते. हा रुग्ण काही दिवस खरोखरच किरणांचा स्रोत असतो. म्हणूनच कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्या खोलीतील सांडपाणी सरळ गटारात न सोडता टाक्यांमध्ये साठवून त्यातील किरणोत्सर्ग ओसरू देतात, आणि रुग्णापासून एक मीटर अंतरावर मोजलेली किरणांची तीव्रता मर्यादेखाली आली म्हणजेच त्याला घरी सोडतात. घरी गेल्यावरही काही दिवस वेगळे झोपावे, पाणी भरपूर प्यावे, शौचालयात दोनदा पाणी सोडावे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना जवळ घेऊ नये असे सांगितले जाते. ‘किती दिवस’ याचे उत्तर दिलेल्या मात्रेवर आणि शरीरातून ती किती वेगाने निघून जाते यावर अवलंबून असते आणि ते रुग्णालयाने प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यायचे असते.

हे तीन प्रकार वेगळे ओळखले की पुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होतो: किरणांचा शरीराशी आलेला संबंध हा कोणत्या जातीचा संबंध आहे? न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी संबंधांचा जो सूक्ष्म विचार केला आहे तो येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. त्यांच्या मते दोन द्रव्ये, जी आधी वेगळी होती, ती एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात ‘संयोग’ असतो. पाटावर ठेवलेला तांब्या आणि पाट यांचा संबंध असा आहे आणि तांब्या उचलला की ‘विभाग’ होऊन तो संपतो. याउलट ‘समवाय’ हा ज्यांना एकमेकांपासून सुटे करता येत नाही अशांचा संबंध, जसा पांढरेपणाचा वस्त्राशी किंवा वस्त्राचा धाग्यांशी. विटाळाची कल्पना तर्काच्या या भाषेत मांडायची झाली तर असे म्हणावे लागेल की ती संयोगाला समवाय समजते: मृताशी, रक्ताशी, रोगाशी किंवा विशिष्ट माणसाशी एकदा संयोग झाला की त्या संयोगातून एक अदृश्य गुण स्पर्श करणाऱ्याच्या ठायी येऊन बसतो, आणि मूळ संयोग संपला तरी तो गुण पुढच्या माणसाकडे जाण्यास मोकळा राहतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळता कामा नये. संयोगाने द्रव्याच्या ठायी नवा गुण उत्पन्न होतो हे वैशेषिकांनाही मान्य आहे. कुंभाराच्या आव्यात कच्चे मडके जाते तेव्हा ते काळपट असते, बाहेर येते तेव्हा लाल असते. अग्नीच्या संयोगाने उत्पन्न झालेल्या अशा गुणांना ते ‘पाकज’ म्हणतात, आणि हा पालट परमाणूंच्या पातळीवर होतो की अखंड मडक्यात होतो यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात पीलुपाक आणि पिठरपाक या नावांनी प्रसिद्ध असलेला दीर्घ वादही झाला. मग किरणांच्या संयोगाने रुग्णाच्या शरीरातही काही पाकज गुण का येऊ नये? उत्तर असे की तो येतोच: कातडी काळवंडते, तोंडात व्रण पडतात, पेशी मरतात, थकवा येतो. परंतु भाजलेले मडके लाल होते म्हणून त्यात अग्नी वसत नाही, आणि त्याला हात लावणाऱ्याचा हात लाल होत नाही. किरणांनी शरीरात घडवलेला पालट त्या शरीराचाच राहतो. तो घडवण्याची शक्ती त्या शरीराकडे हस्तांतरित होत नाही. ‘शेक’ या शब्दाने मनात जे चित्र उभे राहते, म्हणजे शेकलेले अंग काही काळ गरम राहावे आणि जवळच्याला त्याची धग लागावी, ते बाह्य किरणोपचाराच्या बाबतीत याच ठिकाणी चुकते.

आयोडिनच्या रुग्णात मात्र अग्नीचा निखारा स्वतःच मडक्यात आहे. तरीही तो संबंध संयोगाचाच आहे, कारण त्याचा विभाग होतो आणि त्याचा नाशही होतो. आयोडिन-१३१चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू मोडून जाण्यास लागणारा काळ, सुमारे ८ दिवसांचे आहे. शरीर ते बाहेरही टाकत असल्याने प्रत्यक्षात ते त्याहूनही लवकर कमी होते. केवळ अर्धायुष्याचा हिशेब केला तरी १० अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे ८० दिवसांत, मूळ मात्रेचा हजारावा हिस्साही उरत नाही. अंतराचा नियमही तितकाच ठाम आहे: स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर किरणांची तीव्रता चौथाई होते. ज्याला काळाने आणि अंतराने आवर घालता येतो तो धोका असतो, कलंक नसतो.

मराठीत या दोहोंतील सीमा पुसट होण्याचे एक कारण भाषेतच आहे. ‘लागणे’ हे क्रियापद आग लागण्यासाठी, नजर लागण्यासाठी, रोग लागण्यासाठी, वेड लागण्यासाठी आणि जीव लागण्यासाठी सारखेच वापरले जाते, आणि संसर्गासाठी असलेला ‘लागण’ हा शब्द त्यातूनच आलेला आहे. ‘बाधा’ हा शब्दही तसाच. विषाची बाधा होते, भुताची होते आणि साथीच्या रोगाचीही होते. भाषेने या सर्व अनुभवांत काहीतरी समान पाहिले, ते हे की बाहेरची एक गोष्ट माणसाला येऊन चिकटते. पण कशा प्रकारे चिकटते, किती काळ राहते आणि पुढे जाते की नाही, हे भेद तिने त्या शब्दात ठेवले नाहीत. कर्करोग लागणारा रोग नाही हे सांगितल्यानंतर ‘पण रेडिएशन लागत असेल’ अशी जी शंका घरात निघते, तिच्यामागे अज्ञानापेक्षा या एका क्रियापदाची व्याप्ती अधिक असावी, असे मानण्यास जागा आहे.

धर्मशास्त्राचा विचार येथे नीट पाहिला पाहिजे, कारण त्याच्या नावावर घरातील पुष्कळ संकोच खपवला जातो. जन्म आणि मृत्यू यांमुळे येणाऱ्या अशुद्धीला धर्मशास्त्रात ‘आशौच’ म्हणतात, व्यवहारात सोयर आणि सुतक. तिचा पहिला विशेष हा की ती मुदतीची असते: तीन दिवस, दहा दिवस, स्नानापर्यंत. दुसरा विशेष हा की तिच्यात पातकाचा अर्थ अनुस्यूत नाही. बापाचे सुतक धरणारा मुलगा अपराधी नसतो. तिसरा विशेष असा की धर्मशास्त्रकारांनी तिला सोयीचे आणि करुणेचे अपवाद ठेवले. तीर्थयात्रेत, विवाहात, युद्धात, गावाला आग लागली असताना किंवा देशात अनर्थ माजला असताना शिवाशिवीचा दोष मानू नये, असे वचन निबंधग्रंथांत पुन्हा पुन्हा येते. जो दोष लग्नमांडवात आणि जळत्या गावात नसतो, तो वस्तूच्या अंगी असलेला भौतिक गुण असू शकत नाही, कारण विष लग्नमांडवातही विषच असते. म्हणजे तो समाजाने ठरवलेला संकेत आहे, हे त्या वचनातच कबूल केलेले आहे.

ज्यूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातील लेवीय पुस्तकात त्वचारोगाविषयी जे नियम आहेत त्यांतही हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने दिसते. डागांनी काही भाग व्यापलेला माणूस तेथे अशुद्ध ठरू शकतो, परंतु डाग डोक्यापासून पायापर्यंत पसरून सर्व कातडी पांढरी झाली तर याजकाने त्याला शुद्ध जाहीर करावे असा नियम आहे. आणि घराच्या भिंतीवर डाग दिसल्यास याजक तपासायला येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही, असेही सांगितले आहे. संसर्गाच्या दृष्टीने हे दोन्ही नियम निरर्थक ठरतील. त्यांचा अर्थ लागतो तो शुद्धीचा निर्णय ही घोषणेने अस्तित्वात येणारी गोष्ट मानली तरच. धार्मिक शुद्धी आणि शारीरिक धोका हे दोन वेगळे हिशेब आहेत हे या प्राचीन ग्रंथांना आतून ठाऊक होते, आणि आजच्या घरात ते एकत्र मांडले जातात ही त्या ग्रंथांची चूक नाही.

तथापि मुदतीच्या अशुद्धीपाशी भारतीय समाज थांबला नाही, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात नेमका हा भेद मांडला: जन्म, मृत्यू, रजोदर्शन यांमुळे येणारी तात्पुरती अशुद्धी जगातील अनेक प्राचीन समाजांत आढळते, परंतु संपूर्ण समूहाला पिढ्यानपिढ्या आणि कोणत्याही शुद्धीविधीने न फिटणारी अशुद्धी चिकटवणे ही वेगळी आणि भयंकर गोष्ट आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांनी प्राशन केल्यानंतर सनातनी मंडळींनी १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध आणि दही घालून ते तळे ‘शुद्ध’ केले. ज्या पाण्यावर गुरे येत होती त्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने काय झाले होते हे कोणत्याही मापाने दाखवता आले नसते. महाराष्ट्राच्या स्मृतीत स्पर्शाचे भय जेव्हा पुन्हा डोके वर काढते, मग ते कोणत्याही नव्या नावाने असो, तेव्हा या इतिहासाशी त्याचे नाते तपासणे हे धर्माचा विचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

याच मातीत विटाळाला दिलेले दुसरे उत्तरही आहे. चोखामेळ्याच्या कुटुंबातील अभंगरचनेत, विशेषतः सोयराबाईच्या अभंगात, देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, मग विटाळ नसलेला देह दाखवा कोणता, असा युक्तिवाद येतो. तो काव्याचा आवेश नाही, काटेकोर तर्क आहे: जो गुण सर्वांच्या ठायी आहे तो काहींना वेगळे काढण्याचे कारण होऊ शकत नाही. किरणांच्या बाबतीतही हा तर्क अक्षरशः लागू पडतो. अन्नातून येणाऱ्या पोटॅशियमचा एक लहानसा अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो, आणि त्यामुळे ७० किलो वजनाच्या कोणत्याही निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला ४,००० हून अधिक अणू मोडत असतात. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून माणसाला वर्षाकाठी मिळणारी नैसर्गिक किरणमात्रा जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. मिलिसिव्हर्ट हे किरणांमुळे शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाचे मोजमाप. किरणोत्सर्गाचा लवलेशही नसलेला देह कोठेच नाही. म्हणून ‘याच्यात किरण आहेत का’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती आहेत, किती काळ आहेत आणि कोणासाठी’ एवढेच विचारता येते.

हे न विचारता केवळ स्पर्शावरून निर्णय केला तर काय घडते याचे कठोर उदाहरण ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली दिसले. तेथे बंद पडलेल्या एका उपचारकेंद्रात मागे राहिलेले किरणोपचाराचे यंत्र भंगार म्हणून मोडले गेले, त्यातील सीझियम-१३७ची अंधारात निळी चमकणारी भुकटी घराघरांत वाटली गेली, ४ माणसे मृत्यू पावली आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात तो पदार्थ आढळला. तपासणीसाठी मात्र १ लाख १२ हजारांहून अधिक लोक आले. येथे धोका खरा होता. किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सर्गी पदार्थच अंगाला लागणे या दोन गोष्टींतील भेद येथे प्राणांचा होता, कारण दुसऱ्या स्थितीत तो पदार्थ खरोखरच हातातून हातात जातो. पण भय त्या २४९ जणांपाशी थांबले नाही. त्या प्रांतातून आलेल्यांना परगावी हॉटेलांत जागा नाकारली गेली, तेथील माल कोणी घेईना, बाधा नसल्याची प्रमाणपत्रे लोकांना जवळ बाळगावी लागली, आणि मृतांपैकी एका सहा वर्षांच्या मुलीची शिसे लावलेली शवपेटी दफनभूमीत आणली गेली तेव्हा जमावाने तिच्यावर दगड फेकले. हिरोशिमा आणि नागासाकी येथील बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांना जपानमध्ये विवाह आणि नोकरी यांत दीर्घकाळ जे सोसावे लागले तेही याच जातीचे. सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. दगड फेकणाऱ्या हाताच्या भीतीला अर्धायुष्य नव्हते.

भारतात कुष्ठरोगाच्या बाबतीत हीच स्थिती फार जवळून पाहायला मिळाली. त्या रोगाचा जंतू १८७३ मध्येच सापडला होता, १९८०च्या दशकात बहुऔषधी उपचार आला, तो सुरू होताच रुग्णाकडून इतरांना होणारा संसर्ग झपाट्याने थांबतो हे सिद्ध झाले, आणि तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विविध व्यक्तिगत कायद्यांमध्ये २०१९ पर्यंत टिकून होते. जंतू गेला होता. संयोग संपला होता. कायद्याने समवाय तेवढा राखून ठेवला होता.

आयोडिनच्या रुग्णाकडे परत यावे लागते, कारण तेथे नीतीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. त्याला काही दिवस वेगळे ठेवणे योग्यच आहे, आणि विटाळाला विरोध करण्याच्या भरात ही सावधगिरी झुगारणे म्हणजे दुसरी चूक करणे होय. लहान मुलाची थायरॉईड ग्रंथी किरणांना अधिक संवेदनशील असते आणि गर्भातील जीवाला तर आपली संमती देण्याचा मार्गच नाही. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा सुचवली आहे, परंतु रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या जवळच्या व्यक्तीसाठी, जी सर्व काही समजून आणि स्वेच्छेने ते करते, एका उपचारामागे सुमारे ५ मिलिसिव्हर्टपर्यंतची मुभा मानली आहे. या दोन आकड्यांमधील अंतर भौतिकशास्त्रातून आलेले नाही. किरणांना पत्नी आणि शेजारी यांतील फरक कळत नाही. ते अंतर सेवेच्या नैतिक मूल्यातून आले आहे: जाणून आणि प्रेमाने स्वीकारलेली थोडी जोखीम आणि नकळत लादली गेलेली तेवढीच जोखीम या नीतीच्या दृष्टीने समान नसतात, हे एका वैज्ञानिक संस्थेने आपल्या आकड्यांत नोंदवून ठेवले आहे.

या व्यवस्थेत रुग्णाचे स्थान काय? विटाळाच्या कल्पनेत तो केवळ वस्तू असतो, ज्याच्यापासून इतरांनी दूर राहायचे. परंतु वेगळ्या खोलीत आठवडाभर राहणारी, तहान नसताना पाणी पिणारी, दाराबाहेरून हाका मारणाऱ्या आपल्या मुलाला जवळ न घेणारी आई ही कर्ती असते. ती इतरांपासून दूर ठेवली गेलेली नसते, इतरांसाठी दूर राहिलेली असते. अहिंसेचा अर्थ आपल्या देहामुळे दुसऱ्या जीवाला पीडा होऊ न देणे असा घेतला तर तिचा तो एकांत अहिंसेचे आचरण आहे, आणि घरच्यांनी तो तसाच ओळखला पाहिजे. फरक बारीक वाटला तरी व्यवहारात तो स्पष्ट दिसतो: पहिल्या समजुतीत ताट दाराशी सरकवले जाते, दुसरीत ताट ठेवून चार पावलांवर थांबून गप्पा मारल्या जातात, कारण त्या अंतरावरून थोडा वेळ बोलल्याने नगण्य मात्रेपलीकडे काही घडत नाही. मुदत संपल्यावर ती स्वयंपाकघरात येते तेव्हा तिने केलेला नैवेद्य देवाला चालतो का हा प्रश्न उरूच नये. सुतकही दहा दिवसांनी फिटते, आणि हे तर सुतकही नव्हते.

पराशरस्मृतीत आजारी माणसाविषयी एक नियम आहे, ज्याचा या संदर्भात फारसा उल्लेख होत नाही. शुद्धीसाठी स्नान आवश्यक आहे, पण रुग्णाला स्नान सोसत नाही, अशा वेळी निरोगी माणसाने दहा वेळा स्नान करावे आणि प्रत्येक स्नानानंतर रुग्णाला स्पर्श करावा, म्हणजे रुग्ण शुद्ध होतो. विधीचा तपशील आज कोणी पाळणार नाही, पण त्यातील दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. स्पर्शाने अशुद्धी रुग्णाकडून निरोग्याकडे वाहते असे मानणाऱ्या परंपरेनेच येथे शुद्धी निरोग्याकडून रुग्णाकडे वाहताना पाहिली, आणि त्यासाठी रुग्णाला एकदा नव्हे, दहा वेळा हात लावायला सांगितले.

शेवटचा प्रश्न मृत्यूनंतरचा आहे, आणि हिंदूंच्या दृष्टीने तो टाळण्यासारखा नाही, कारण दहनात देह जळतो पण किरणोत्सर्गी अणू जळत नाहीत. अग्नी सर्व शुद्ध करतो ही श्रद्धा विधीपुरती खरी असली तरी अणूच्या केंद्रापर्यंत चितेची आच पोहोचत नाही; तो पदार्थ राखेत, धुरात किंवा दाहिनीच्या अस्तरावर राहतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१७ मध्ये ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी औषध घेतल्यानंतर काही दिवसांतच मृत्यू पावलेल्या एका रुग्णाचे दहन झाले आणि नंतर दाहिनीच्या उपकरणांवर किरणोत्सर्ग आढळला. तेथील कामगाराच्या लघवीत वेगळ्याच एका किरणोत्सर्गी पदार्थाचा अल्प अंश सापडला, म्हणजे पूर्वी केव्हातरी तसाच दुसरा देह तेथे येऊन गेला असावा. प्रमाण थोडे होते, परंतु दाहिनीवर काम करणाऱ्याला कोणी काही सांगितले नव्हते. स्मशानात काम करणाऱ्याचा देह धोक्यात घालणे समाजाला नेहमीच सोपे गेले आहे, आणि म्हणून ही माहिती त्याच्यापासून लपवण्यात शुद्धीच्या जुन्या अन्यायाचीच पुनरावृत्ती होते. हृदयातील पेसमेकर दहनापूर्वी काढावा लागतो हे आता सर्वत्र ठाऊक आहे; किरणोत्सर्गी औषध अलीकडे घेतले होते किंवा कण रोवले होते हेही तितक्याच सहजपणे डॉक्टरांकडून लिहून घेऊन सांगता यावे.

प्रोस्टेटमधील आयोडिन-१२५च्या कणांबाबत आंतरराष्ट्रीय आयोगाने कण रोवल्यापासून वर्षभराने दहनास हरकत नसावी असे म्हटले आहे. त्याआधी मृत्यू आल्यास कण असलेली ग्रंथी काढून दहन करणे किंवा दफन करणे हे मार्ग उरतात. संन्याशाला, लहान बालकाला आणि लिंगायतांसारख्या समाजांत सर्वांनाच भूमी दिली जाते, त्यामुळे दफन हे हिंदू अंत्यसंस्काराच्या बाहेरचे मानण्याचे कारण नाही. अस्थींचाही प्रश्न येतो, कारण त्या तिसऱ्या दिवशी उघड्या हातांनी वेचल्या जातात. येथे किरणसुरक्षा अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन हातमोजे घालणे, अस्थी कलशात बंद करणे आणि विसर्जन लांबवणे एवढे बहुधा पुरते. ल्युटेशियमचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास आहे, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांत ते जवळजवळ संपते. अशी वाट पाहणे परंपरेलाही नवे नाही: गंगेला किंवा नाशिकला जाणे लगेच जमणार नसेल तर अस्थींचे गाठोडे घरात न आणता झाडाला टांगून ठेवण्याची आणि सवडीने विसर्जनाला नेण्याची चाल महाराष्ट्राच्या खेड्यांत जुनी आहे.